सव्वा मूठ गहू

अक्का गेल्याचं कळलं त्या दिवशी धुळ्याच्या आमच्या जुन्या शाळेतल्या एका बाईंचा फोन आला. हळहळून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पण काही म्हणा, अक्का होत्या मात्र बिनधास्त! कशाची म्हणून लाज नाही." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बाई, तुम्ही त्यांच्या समोरच्या घरात उभा जन्म काढला आणि तुम्हाला एवढंच दिसलं? मग फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही.

लाज नाही म्हणे! त्या बाईइतकी लाज मी कुणाच्या वाट्याला आलेली पाहिली नाही. फक्त ती त्यांनी घरात घेतली नाही. ज्याची त्याच्या दारात परत नेऊन ठेवायची, हा त्यांचा उद्योग होता. त्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं आणि लोकांना ती गंमत वाटली.

मी पाचोऱ्याची. धुळ्याला देवपुरातल्या एका शाळेत नोकरी लागली तेव्हा खोली शोधत अक्कांच्या दारात गेले. अक्का ओट्यावर बसून केस विंचरत होत्या. साठीच्या असतील. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, दोन खोल्या स्वतःला, एक भाड्याला. मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाल्या, "खोली देते. पण मी टाकलेली बाई आहे. तुझ्या घरच्यांना चालेल का ते आधी विचार. मागनं कटकट नको." नाव सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. मी म्हटलं, "पाणी किती वाजता येतं?" हे उत्तर त्यांना फार आवडलं. पुढे कितीतरी वर्षं त्या ते लोकांना सांगत.

टाकलेली. या शब्दाचा मला संताप येतो. कचरा टाकतात, तशी बाई टाकतात आणि मग तो शब्द त्या बाईलाच कायमचा चिकटतो. टाकणाऱ्याला शब्द नाही. अमळनेरकडचा तो माणूस दुसरं लग्न करून, मुलंबाळं होऊन, गावात पंच म्हणून मिरवत होता. त्याला कुणी काही म्हटल्याचं ऐकिवात नाही.

का टाकलं, हे विचारायला लोकांना कधी संकोच वाटला नाही. आणि अक्कांनी प्रत्येकाला वेगळं कारण दिलं. दूधवाल्याच्या बायकोला सांगितलं, मी फार घोरते. बँकेतल्या साहेबाला, त्यांना इंग्रजी बोलणारी हवी होती. आमच्या मुख्याध्यापिका हळदीकुंकवाला आल्या आणि हळूच विषयाकडे वळल्या, तर अक्का सहज म्हणाल्या, "सासूला पळीनं मारलं मी. लोखंडी होती." मुख्याध्यापिकांनी चहा अर्धा ठेवला. त्या गेल्यावर अक्का हसून हसून ओट्यावर आडव्या झाल्या.

खरं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. कारण नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात नवऱ्यानं त्यांना माहेरी आणून सोडलं, ट्रंक ओट्यावर ठेवली, चहा घेतला आणि गेला तो गेलाच. पुढे निरोप आला, पसंत नाही. एवढंच. "कारण असतं तर सुधारलं असतं गं," त्या म्हणाल्या आणि उठून भांडी घासायला लागल्या.

कचेरीत, बँकेत, माझ्याशी सुद्धा त्या स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायच्या. पण पारा चढला की अहिराणी सुटायची. गल्लीत कुणी काही बोललं की ओट्यावरून खणखणीत आवाज यायचा, "लाज कोनी? मनी का त्यासनी?" लाज कुणाची, माझी का त्यांची? आणि समोरच्या खिडक्या पटापट लागायच्या.

मंगळसूत्र मोडून त्यांनी गॅसची शेगडी घेतली होती आणि त्या शेगडीला त्या नवरा म्हणत. "नवऱ्याला पेटव गं, चहा टाकू." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली कपबशी पडली. आतले कपडे लोक साडीखाली लपवून वाळत घालतात. ह्यांचे ओट्यासमोरच्या तारेवर, रस्त्याच्या बाजूला. गल्लीतल्या पुरुषांनी एकदा घोळका करून तक्रार केली, तर म्हणाल्या, "तुम्ही बनियनवर कोपऱ्यापर्यंत फिरता. माझे निदान आत कुणी माणूस नसताना फिरतात." पुढे तक्रार आली नाही.

माझी आई पाचोऱ्याहून आली होती. रात्रीच्या जेवणानंतर मला कोपऱ्यात घेऊन कुजबुजायला लागली, की अशा बाईच्या घरात राहिलीस तर तुझं लग्न कसं जमायचं. भिंत एकच वीट जाडीची. सकाळी अक्का आईसाठी चहा घेऊन आल्या आणि अगदी नम्रपणे म्हणाल्या, "ताई, काळजी करू नका. तुमची मुलगी माझ्याकडून काही शिकत नाही. स्वयंपाक तर मुळीच नाही." आईला त्या दिवशी घास गेला नाही. मला आईचाही राग आला होता. आजही येतो.

गल्लीत लग्न असलं की अक्का बोलावल्या न बोलावल्या तरी हळदीला हजर. नुसत्या हजर नाहीत. सवाष्णींच्या रांगेत मध्यभागी जाऊन बसायच्या, पदर पुढे करून. ओटी भरणारीचा हात अडखळायचा. मग अक्का मोठ्यानं सांगायच्या, "भर वं. मना नवरा जित्ता शे. अमळनेरले शे, धडधाकट शे." नवरा जिवंत होता हे खरंच होतं. बायका तोंडं वाकडी करून नारळ आणि खण टाकायच्या. अक्का घरी येऊन तो खण मला द्यायच्या. त्यांना खण नकोच असायचा. त्यांना रांग हवी असायची.

पण हे सगळं बाहेरचं. यात त्या जिंकायच्या. जिथे त्या कधी जिंकल्या नाहीत ती जागा म्हणजे पांझरा नदीच्या पलीकडचं त्यांच्या थोरल्या भावाचं घर, आणि दिवस म्हणजे कानबाईचा.

आमच्याकडे खान्देशात श्रावणात कानबाई देवी बसते. कानबाईचा प्रसाद म्हणजे रोट. पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. हा रोट फक्त कुळातल्या माणसांनी खायचा, बाहेरच्याला त्याचा कणही द्यायचा नाही, उरला तर खड्डा करून पुरायचा. अक्कांच्या माहेरी त्या रोटाचे गहू आदल्या आठवड्यात मोजत. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाची सव्वा मूठ सुपात टाकायची. तेवढेच गहू दळायचे, तेवढ्याचाच रोट. लग्न होऊन आलेल्या सुना तो खातात, कारण त्या आता कुळातल्या. लग्न होऊन गेलेल्या मुली खात नाहीत, कारण त्या आता परक्या. आणि गेलेली मुलगी परत आली तर? त्याचं उत्तर कुणापाशी नव्हतं, आणि कुणाला शोधायचंही नव्हतं.

अक्का दर वर्षी गहू मोजायला जायच्या. एका वर्षी मलाही म्हणाल्या, "मास्तरीन, चाल. मुठी मोजाले जानं शे." मला वाटलं, काहीतरी छान बघायला मिळणार.

नाना, म्हणजे त्यांचे भाऊ, पाटावर बसले होते. सोवळं नेसलेले, समोर गव्हाचं पोतं आणि सूप. अक्का त्यांच्या बरोबर समोर मांडी घालून बसल्या. नानांनी स्वतःचं नाव घेऊन मूठ टाकली. मग थोरला मुलगा, तो पुण्याला. धाकटा, तो कतारला. मग चुलत भाऊ, त्यांची मुलं. एक पुतण्या दारू पिऊन बायकोला मारतो म्हणून पोलिसांत गेलेला, त्याची मूठ. एका सुनेला सातवा महिना होता. मुलगा झालाच तर, म्हणून तिच्या पोटाच्या नावाचीही मूठ टाकली. न जन्मलेल्या पोराची! मी अक्कांकडे बघत होते. त्या प्रत्येक मुठीबरोबर मान हलवत होत्या, हिशोब बरोबर चाललाय असं म्हणावं तशी.

नानांनी हात झटकले. तेव्हा अक्का म्हणाल्या, "आनि मनी?"

नानांनी वर पाहिलंच नाही. "तुनी तठे," ते म्हणाले. तुझी तिकडे, म्हणजे अमळनेरला.

वहिनी दारातून म्हणाल्या, "दरसालले काय वं हाई? बाईनी मूठ ऱ्हास का कधी? मनी बी नही."

"तुनी नही," अक्का म्हणाल्या, "पन तू रोट खास ना?"

मूठ नसली तरी रोट खातेसच ना, हे ऐकून वहिनी आत गेल्या. सूप उचललं गेलं. मग बाहेरच्या खोलीत आम्हा दोघींना चहा आणि दुकानातला फरसाण आला. रोटाच्या दिवशीही असंच व्हायचं, हे मला नंतर कळलं. आतल्या खोलीत सगळ्यांची पंगत आणि त्या घरात जन्मलेली, त्या अंगणात वाढलेली बाई बाहेर एकटी ताटात खिचडी घेऊन बसलेली. अमळनेरलाही त्या एका कानबाईला जाऊन आल्या होत्या. तिथे दुसऱ्या बायकोनं त्यांना चहा दिला, आणि तो माणूस मागच्या दारानं शेतात निघून गेला.

परत येताना पुलावर मी भडकले. रस्त्यात, माणसांत. "कशाला जाता? स्वतःचं घर आहे, पेन्शन आहे, कशाला त्या माणसाच्या दारात जाऊन अपमान करून घेता? मांडा की स्वतःची कानबाई!" अक्कांनी पुलाच्या तोंडाशी भजी घेतली होती. एक भजं मला दिलं. मी घेतलं नाही. त्यांनी ते स्वतः खाल्लं आणि शांतपणे म्हणाल्या, "कुळ एकटीचं नसतं गं." मग थोडं चालून गेल्यावर, आपल्याशीच बोलावं तसं, "मी जावानं बंद करं ते त्यासले वाटी, बठ्ठं मिटी गयं."

मी जाणं बंद केलं तर त्यांना वाटेल, सगळं मिटलं. मला तेव्हा हे पटलं नाही. मला वाटलं हा निव्वळ हट्ट आहे, आणि स्वतःला दुखवून घ्यायची सवय. शाळेतल्या आमच्या एका सुधारक सरांना मी हे सांगितलं, तर ते ऐटीत म्हणाले, "अंधश्रद्धाच सगळी. त्या पोळीत आहे काय एवढं?" हे मी अक्कांच्या कानावर घातलं. त्यांनी विचारलं, "ते सर दिवाळीला कुठे जातात?" म्हटलं, घरी, चाळीसगावला. "मग त्यांना नाही कळायचं," अक्का म्हणाल्या. तेव्हापासून त्या सरांचं तोंडही बघवेना मला.

पुढे माझं लग्न झालं, जळगावला बदली घेतली. अक्कांशी फोनवर बोलणं व्हायचं. दर श्रावणात एकच प्रश्न मी विचारायचे आणि एकच उत्तर यायचं, "तुनी तठे." मग नाना वारले. मग अमळनेरचा तोही मेला. तेव्हा गल्लीतल्या बायका लगबगीनं अक्कांचं कुंकू पुसायला आल्या! जिवंतपणी ज्याची बायको म्हणून ओटी भरायला यांचे हात जड होत, तो मेल्यावर ती त्याची बायको झाली. अक्कांनी दार आतून लावून घेतलं, दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा मोठं कुंकू लावून दूध घ्यायला बाहेर आल्या.

आणि दोन-तीन वर्षांपूर्वी श्रावणात अक्कांचा फोन आला. आवाज पोरीसारखा झाला होता. "तू ये. यंदा पोरीनी मूठ शे!"

झालं होतं असं. नानांनंतर मुठी मोजायचा मान थोरल्या मुलाकडे आला होता. हा पुण्यात मोठ्या कंपनीत. त्याला एकच मुलगी. बायको म्हणाली, माझ्या लेकीच्या नावाची मूठ पडणार असेल तरच मी येईन. तिचं काही चुकलं नाही, उलट मला तिचं कौतुकच वाटलं. भाऊबंदांच्या फोनाफोनी झाल्या, दोन म्हातारे रुसले, शेवटी ठरलं. काळ बदललाय, मुलगा-मुलगी एकच. अक्कांना वाटलं, दार उघडलं. मलाही वाटलं. मी रजा टाकून गेले.

माणसं गोळा झालेली. हा थोरला पुतण्या पाटावर बसला. अक्का समोर, मांडी आता घालता येत नव्हती म्हणून स्टुलावर. पुरुषांच्या मुठी झाल्या. मग त्यानं आपल्या लेकीचं नाव मोठ्यानं घेतलं आणि सव्वा मूठ सुपात टाकली. टाळ्या झाल्या. कुणीतरी मोबाइलवर ते टिपत होतं. पुतण्यानं पुन्हा एकदा मूठ टाकून दाखवली, नीट यावं म्हणून. अक्काही टाळ्या वाजवत होत्या. त्यांचे डोळे भरले होते. टाळ्या थांबल्यावर त्या म्हणाल्या, "आनि मनी?"

पुतण्या हसला. वाईट हसला नाही. लाडानं हसला. "आत्या, अगं तुझं लग्न झालंय ना!"

आणि सगळे हसले.

मी त्या हसण्याला आजतागायत माफ केलेलं नाही. ओटी भरायची वेळ आली की ही टाकलेली, आणि रोट खायची वेळ आली की हिचं लग्न झालेलं. नानांनी निदान मान खाली घातली होती, त्यांना आत कुठेतरी टोचत असावं. ह्यांना काहीच टोचत नव्हतं. त्यांनी आताच न्याय केला होता, त्याचा व्हिडिओही निघाला होता. सूप उचललं गेलं. येताना पुलावर अक्कांनी भजीही घेतली नाहीत.

रविवारी कानबाई बसली. नारळाला नथ घातली, मखर सजलं. पहाटेपासून वहिनी आणि सुना पुरण घालत होत्या. आत परातभर पोळ्या झाकून ठेवलेल्या, पातेल्यात खीर. आम्ही बाहेरच्या खोलीत. नैवेद्याचं ताट वाढायला वहिनी उठल्या, तेवढ्यात अक्का काठी टेकत उठल्या. मला वाटलं मोरीकडे निघाल्या. त्या कानबाईसमोर गेल्या, हात जोडून उभ्या राहिल्या, ओठ हलले. मग वळल्या, सरळ स्वयंपाकघरात गेल्या, परातीवरचं फडकं दूर केलं, वरची पोळी उचलली आणि खायला लागल्या.

देवीला अजून नैवेद्य दाखवला नव्हता. अक्का घाईनं खात नव्हत्या. एकेक घास तोडून, चावून, पाण्याचा घोटही न घेता पूर्ण पोळी संपवली. मग बोटानं खीर चाटली. मग देवीचा नैवेद्य उष्टावला म्हणून वहिनींनी किंकाळी फोडली, "उष्टं करं! देवीनं उष्टं करं!" पुतण्या धावत आला. परवा लाडानं हसणारा तो, त्यानं अक्कांचा दंड धरला. मी मध्ये पडले आणि त्याचा हात झटकला. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, आवाज माझाच सगळ्यांत मोठा होता.

"कानबाईले इचारीसन खादं मी," अक्का एवढंच म्हणाल्या.

आता करायचं काय? नैवेद्य दाखवता येईना. पुन्हा करावा तर गहू मोजलेले, तेवढेच दळलेले. दुसरे कुठून आणणार? मुठी पुन्हा मोजता येत नाहीत. एका म्हाताऱ्या भाऊबंदानं फोनवरून निवाडा दिला, की बाटलेला रोट घरात ठेवायचा नाही, पुरून टाका. मागच्या अंगणात खड्डा खणला. त्या सगळ्या पोळ्या, ती खीर, ती गंगाफळाची भाजी, पहाटेपासून केलेलं सगळं त्यात ओतलं. सुना रडत होत्या. लेकीच्या मुठीचा रोटही त्यातच गेला, आणि ते मला वाईट वाटलं, वाटायलाच हवं. पण एका म्हातारीनं एक पोळी खाल्ली म्हणून सगळं घर उपाशी राहायला तयार झालं, तिला आपली म्हणायला मात्र तयार झालं नाही, हे मी डोळ्यांनी बघत होते.

अक्का मागच्या दारात काठीवर उभ्या होत्या. खड्ड्यावर माती पडेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग त्यांनी सगळ्यांकडे, एकेकाकडे, मुठी मोजताना नाना एकेक नाव घ्यायचे तसं बघितलं.

"आते सांगा," त्या म्हणाल्या. "यंदा ह्या कुळमा रोट कोनी खादा?"

कुणीतरी हातातलं फावडं भिंतीला टेकवलं.

"मी," अक्का म्हणाल्या. "मी एकलीनी."